सांगलीहून गोरेगावच्या नेस्को प्रदर्शनाला जाताना कुठे उतरावे?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. आमचा सांगलीत हळद आणि मसाल्याची पाकिटे भरण्याचा छोटा कारखाना आहे. पुढच्या महिन्यात गोरेगाव पूर्वेच्या नेस्को संकुलात पॅकेजिंग यंत्रांचे प्रदर्शन भरत असून मी आणि माझा भाचा असे दोघे तिथे जाणार आहोत. मुंबईत मी नवखा नाही. पण याआधी एकदा याच ठिकाणी आलो होतो, तेव्हाचा अनुभव मनात सलतो आहे. त्या वेळी रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत गेलो, तिथून टॅक्सीने चर्चगेट, चर्चगेटहून धीम्या लोकलने गोरेगाव आणि गोरेगावहून रिक्षा, असे करत करत प्रवेशद्वाराशी पोहोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. नावनोंदणीच्या रांगेत आणखी अर्धा तास गेला. संध्याकाळची परतीची गाडी चुकेल या धास्तीने चारलाच बाहेर पडलो. साडेतीनशेहून अधिक किलोमीटर जाऊन यंत्रे पाहायला जेमतेम तीन तास मिळाले.

या वेळी सोबत पाच किलो हळद पूड घेऊन जायचे आहे. कुठलाही विक्रेता यंत्र साखर किंवा रवा भरून दाखवतो, आणि त्यावर ते सुरेखच चालते. हळदीची बारीक पूड उडते, नळीत अडकते, सीलच्या जबड्यावर बसते आणि मग पाकीट कडेने उसवते. आपल्या मालावर चालवून पाहिल्याशिवाय यंत्राविषयी मत बनवू नये, हे मी पैसे घालवून शिकलो आहे. तेव्हा प्रश्न असे, की महालक्ष्मीने आल्यास कुठे उतरावे, नवी मेट्रो खरोखर उपयोगी पडते का, आणि सकाळी आंघोळ-नाश्ता उरकून दहाला दार उघडताना तिथे हजर राहणे जमेल का?

द्रुतगती

मी गोरेगाव पूर्वेलाच राहतो आणि प्रदर्शनाच्या दिवसांत नेस्कोच्या बाहेर उतरून गोंधळलेली माणसे पाहणे हा आमचा नेहमीचा अनुभव आहे, म्हणून आधी नावांचा घोळ सोडवतो. निमंत्रणावर ‘बॉम्बे एक्झिबिशन सेंटर’ असे छापलेले असते आणि रिक्षावाला ‘नेस्को’ म्हणतो. ठिकाण एकच आहे, पश्चिम द्रुतगती महामार्गालगत, जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याच्या तोंडाजवळ.

आता मेट्रो. महामार्गावरून उन्नत जाणारी मेट्रो ७ तुमच्या कामाची आहे. तिचा आरे ते दहिसर हा भाग एप्रिल २०२२ मध्ये आणि अंधेरी पूर्वेच्या गुंदवलीपर्यंतचा उरलेला भाग जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. गुंदवलीहून निघाल्यावर मोगरा, जोगेश्वरी पूर्व आणि मग तिसरे स्थानक गोरेगाव पूर्व येते. तिथे उतरून नेस्कोला चालत जाता येते. आपण मागे आलात तेव्हा ही सोय बहुधा नसावी, अन्यथा चर्चगेटची परिक्रमा घडली नसती.

एक इशारा मात्र ठळकपणे देतो. मेट्रो ७ वर ‘आरे’ नावाचे स्थानक आहे आणि भुयारी मेट्रो ३ चे शेवटचे स्थानक ‘आरे जेव्हीएलआर’ आहे (जेव्हीएलआर म्हणजे तोच जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता). ही दोन वेगळी ठिकाणे आहेत. नकाशावर ‘जेव्हीएलआर’ वाचून नेस्को जवळच असेल असे समजून लोक भुयारी मेट्रोने शेवटपर्यंत जातात आणि मग जोडरस्त्याच्या वाहनकोंडीत रिक्षात बसून घाम पुसतात.

लोकलमित्र

दादरला उतरावे, दुसरा विचार करू नये.

थोडे विस्ताराने सांगतो. मुंबईचे रेल्वेमार्ग दोन वेगवेगळ्या कंपन्यांनी टाकले. ग्रेट इंडियन पेनिन्सुलाने १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू केली, आणि पश्चिम किनाऱ्याचा मार्ग बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडियाने टाकला. दोघांनाही शहराच्या दक्षिण टोकाला पोहोचायचे होते. पूर्वेचा माणूस पश्चिमेला कसा जाईल याची फिकीर कोणी केली नाही. या दोन मुख्य मार्गांची सहज अदलाबदल होते ती दादरला. कोल्हापूर-सांगलीकडून येणाऱ्याने दादरच्या पुढे दक्षिणेला जाणे म्हणजे गोरेगावपासून दूर जाण्यासाठी तिकिटाचे पैसे देणे होय.

दादरला उतरून पुलावरून पश्चिम रेल्वेच्या बाजूला यावे. जुन्या माणसांच्या सांगण्यावरून फलाटाचा क्रमांक लक्षात ठेवू नये, कारण डिसेंबर २०२३ पासून दादरचे सर्व फलाट सलग क्रमांकांचे झाले आहेत: पश्चिम रेल्वेचे १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४. तिथून बोरिवलीकडे जाणारी धीमी लोकल घेतली की गोरेगाव किंवा त्याच्या एक स्थानक आधीचे राम मंदिर गाठता येते. राम मंदिर स्थानक डिसेंबर २०१६ मध्ये सुरू झाले असून पूर्वेला उतरल्यास नेस्को तिथूनही जवळ पडते. मात्र जलद गाडी तिथे थांबेल असे धरून चालू नये.

सकाळी पश्चिम रेल्वेची मोठी गर्दी विरार-बोरिवलीकडून चर्चगेटकडे वाहत असते. तुम्ही उलट दिशेने जाणार, त्यामुळे अंधेरीपर्यंत थोडे उभे राहावे लागले तरी चेंगरणार नाही.

द्रुतगती

लोकलमित्र यांचे दिशेचे गणित बरोबर आहे, परंतु दादरचा पूल सामानासह ओलांडण्याचे कष्ट त्यांनी एका वाक्यात उरकले आहेत. महालक्ष्मी ठाण्याला थांबते आणि त्या वेळी नुकतेच उजाडत असते. ठाण्याला उतरून लोकलने घाटकोपर, घाटकोपर स्थानकाच्या पुलावरूनच मेट्रो १, त्या मेट्रोने सातवे स्थानक म्हणजे पश्चिम द्रुतगती महामार्ग, तिथून पादचारी पुलाने गुंदवली आणि मेट्रो ७ ने गोरेगाव पूर्व. यात एकदाही रस्त्यावर उतरावे लागत नाही. मेट्रो १ ही मार्गिका जून २०१४ मध्ये सुरू झाली, आणि त्या दोन जुन्या कंपन्यांनी मागे ठेवलेली पूर्व-पश्चिम उणीव तिनेच पहिल्यांदा काही अंशी भरून काढली.

लोकलमित्र

ठाणे ते घाटकोपर हा प्रवास सकाळी साडेआठला करून पाहा, मग बोलू. कल्याण-डोंबिवलीकडून भरून आलेल्या लोकलमध्ये पाच किलो हळद आणि भाचा यांपैकी एकच आत जाईल.

द्रुतगती

म्हणूनच ‘उजाडताना’ असे म्हटले आहे. गाडी वेळेवर असेल तर सात वाजण्याच्या आत माणूस घाटकोपरला पोहोचतो आणि मेट्रो तोपर्यंत सुरू झालेली असते. गाडी दीड-दोन तास उशिरा धावत असेल, तर मात्र मी माझा सल्ला मागे घेतो. अशा वेळी ठाण्याला डब्यातच बसून राहावे आणि दादरला उतरावे. म्हणजे निर्णय सांगलीत घ्यायचा नसून कल्याण गेल्यावर घड्याळ पाहून घ्यायचा आहे.

अंबाडी

मी नाशिकची. पापड-लोणच्यांचा व्यवसाय करते आणि दरवर्षी एखाद्या प्रदर्शनाला जाते. मी पंचवटी एक्सप्रेसने येते, त्यामुळे वर चाललेल्या वादातील गर्दीची बाजू मला अंगावरून गेलेली आहे आणि म्हणून मी दादरच्या पक्षात आहे. पण धागाकर्त्यांच्या तिसऱ्या प्रश्नाकडे कोणीच वळलेले नाही. रात्रभर प्रवास केलेल्या माणसाला सात वाजता गोरेगावला पोहोचवून करायचे काय? दार दहाला उघडते आणि त्याआधी आत बसू देत नाहीत. महामार्गाच्या कडेला तीन तास पिशवीवर बसून काढलेल्या माणसाला दुपारी यंत्राचे दर लक्षात राहत नाहीत, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते.

माझा मार्ग असा आहे: आंघोळ आणि नाश्ता मोठ्या स्थानकावरच उरकायचा. प्रतीक्षालयात स्वच्छतागृह असते. आरक्षित तिकिटाच्या क्रमांकावर विश्रामकक्षही मिळू शकतो, पण त्याची नोंदणी आधीच करावी लागते. मुंबई सेंट्रल स्थानकातले पॉड हॉटेल, म्हणजे झोपण्यापुरत्या छोट्या कप्प्यांचे हॉटेल, हाही एक पर्याय आहे. ते २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाले आणि काही तासांसाठीही जागा मिळते. तिथून पश्चिम रेल्वेची लोकल हाताशीच असते. गोरेगावपासून थोडे दूर जावे लागते हे खरे, पण लोकलमित्र यांनी त्याबद्दल रागावू नये.

चाकोरी

रेल्वेचा एवढा खल चालला आहे म्हणून विचारतो: सांगली-मिरजेहून बोरिवलीपर्यंत जाणाऱ्या रात्रीच्या खासगी शयनयान बस असतात. त्या पश्चिम द्रुतगती महामार्गाने जात असतील तर नेस्कोच्या दारातच उतरता येईल ना? एकही बदल नाही.

द्रुतगती

उतरता येते, आणि बदल नाही हे त्या मार्गाचे मोठेच सुख आहे. मात्र आधी खात्री करून घ्यावी की गाडी खरोखर महामार्गाने जाते आणि बोरिवलीपर्यंत जाते. काही बस सायन किंवा चेंबूरला प्रवासी उतरवून देतात आणि पुढे लहान गाडी येईल असे सांगतात. ती येईपर्यंत उजाडते. दुसरे असे की पहाटे पाच-साडेपाचला उड्डाणपुलाखाली उतरलेल्या माणसाला अंबाडीताईंनी वर्णन केलेले तीन तास पाच तासांचे होतात. गोरेगाव किंवा जोगेश्वरीत कोणी नातेवाईक असेल तर मात्र बससारखे दुसरे साधन नाही.

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. नातेवाईक आहेत, पण ते डोंबिवलीला. चर्चेवरून इतके कळले, की सांगली ते मुंबई या प्रवासाचा मी जेवढा विचार करत होतो त्याऐवजी शेवटच्या वीस-पंचवीस किलोमीटरचा करायला हवा होता. मेट्रोत सामानाची तपासणी होते असे ऐकले. हळदीच्या पिशवीला अडवतील का? आणि तिकिटे किती काढावी लागतील?

लोकलमित्र

मेट्रोच्या प्रत्येक प्रवेशाशी सामान क्ष-किरण यंत्रातून जाते. हातात उचलता येईल एवढी पिशवी चालते. पोती, खोकी आणि अवजड सुटे भाग नेता येत नाहीत. अशा सामानासाठी लोकलचा मालडबा आहे, त्याचे वेगळे तिकीट काढावे. पूड एकाच मोठ्या पिशवीत न नेता आपल्याच छापील सीलबंद पाकिटांत नेल्यास समजावून सांगणे सोपे जाईल.

तिकिटांविषयी असे, की मेट्रो १ आणि मेट्रो ७ वेगवेगळ्या कंपन्या चालवतात. त्यामुळे पूल जोडलेला असला तरी एका मेट्रोतून बाहेर पडून दुसरीत पुन्हा प्रवेश करावा लागतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या ‘मुंबई वन’ या अॅपवर लोकल, मेट्रो आणि बेस्टची तिकिटे एकत्र काढता येतात. ते सांगलीतच मोबाइलवर घेऊन ठेवावे. स्थानकाच्या गर्दीत उभे राहून नोंदणी करणे नको.

छोटाहत्ती

यात माझा अनुभव वेगळ्या बाजूचा आहे. मी प्रदर्शनात माल मांडणाऱ्यांचा माल वाहून नेतो, त्यामुळे पाच किलो हळदीपुरता माझा उपयोग नाही. पण धागा वाचणाऱ्यांत स्टॉल घेणारेही असतील, म्हणून लिहितो.

माल विकायला नव्हे तर दाखवायला चालला असेल, तर बीजकाऐवजी डिलिव्हरी चलन करावे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाख रुपयांपेक्षा अधिक किमतीचा माल असल्यास, आणि राज्याबाहेरून येत असल्यास पन्नास हजारांच्या वर, ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन दस्तऐवज, लागते. त्यात ‘प्रदर्शन किंवा मेळावा’ असा स्वतंत्र उपप्रकार दिलेला आहे, तोच निवडावा. साध्या मालवाहू गाडीसाठी दोनशे किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत मोजतात, त्यामुळे सांगलीहून निघालेल्या गाडीला दोन दिवस मिळतात. ही मुदत रस्त्यासाठी पुरेशी असते. ती संपते ती बहुधा मुंबईच्या वेशीवर, कारण सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळांत अवजड वाहनांना शहरात बंदी असते आणि चालकाला हे कोणी सांगितलेलेच नसते. मोठा ट्रक रात्री आत आणावा किंवा माल वेशीबाहेर छोट्या टेम्पोत उतरवून घ्यावा, हे निघण्यापूर्वीच ठरवावे. टेम्पोलाही प्रदर्शनाच्या मागच्या दारासाठी पास लागतो. तो पास आयोजक गाडीच्या क्रमांकावर देतात, आणि ऐन वेळी गाडी बदलली की अर्धी रात्र फाटकाशी जाते. दोन वर्षांपूर्वी एका कारखानदाराचे मिश्रणयंत्र मी पहाटे चारपर्यंत असेच धरून बसलो होतो. यंत्राचा मालक हॉटेलात झोपला होता आणि त्याचा फोन बंद होता.

चाकोरी

स्टॉलचा विषय निघालाच आहे तर जाता जाता: प्रदर्शन कोणत्या केंद्रात आहे तेही पाहून घ्यावे. सोने-दागिन्यांचे मोठे प्रदर्शन २०२३ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील जिओ केंद्र आणि नेस्को अशा दोन ठिकाणी विभागून भरले होते. पाहण्याचा माल एका ठिकाणी आणि आपण दुसऱ्या ठिकाणी असे होऊ शकते.

अंबाडी

परतीचेही बोलून ठेवते, कारण दमलेला माणूस चुका करतो त्या संध्याकाळी. सगळी दालने सहाला बंद होतात आणि हजारो माणसे एकदम त्याच फाटकातून बाहेर पडतात. त्या वेळी रिक्षा मिळत नाही, मिळाली तर पुढे सरकत नाही. तुम्ही पाचला निघा किंवा मग साडेसहापर्यंत आतच चहा घेत बसा. संध्याकाळची गर्दी दादरहून बोरिवलीकडे येणारी असते, त्यामुळे गोरेगावहून दादरकडे जाताना तुलनेने बरे असते. महालक्ष्मी परतीला सीएसएमटीहून रात्री आठनंतर सुटते, ती दादरलाच धरावी. आणि माहितीपुस्तिका घेताना हात आवरता ठेवा! चकचकीत कागद फार जड असतो. मी एकदा अकरा किलोची रद्दी नाशिकपर्यंत आणली आहे.

रविवारी जाणार असाल तर मेगाब्लॉक पाहून घ्या. पावसाळ्यात जाणार असाल तर रस्त्याचा भरवसा अजिबात धरू नका, अंधेरीचा सबवे जोराच्या पावसात बंद होतोच.

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

काल परत आलो. ज्यांनी वेळ देऊन लिहिले त्यांना हिशेब देणे कर्तव्य आहे.

महालक्ष्मी कल्याणला जवळपास वेळेवर होती, म्हणून ठरल्याप्रमाणे ठाण्याला उतरलो. आंघोळ आणि नाश्ता ठाण्यालाच उरकला. त्यात मी जरा रेंगाळलो आणि घाटकोपरच्या लोकलमध्ये शिरलो तेव्हा आठ वाजून गेले होते. लोकलमित्र यांचे शब्द त्या दहा-पंधरा मिनिटांत मला अक्षरशः आठवत होते. भाचा एका दाराशी आणि मी दुसऱ्या, हळद माझ्या छातीशी. उतरलो म्हणण्यापेक्षा बाहेर ढकलले गेलो. घाटकोपरपासून पुढे मात्र प्रवास इतका सरळ झाला की मागच्या वेळच्या चर्चगेटच्या टॅक्सीचे पैसे आठवून वाईट वाटले.

मेट्रोच्या तपासणीत पिशवी थांबवली गेली. पाकिटे सीलबंद होती, पण भाच्याने चाचणीसाठी एक किलो पूड साध्या पारदर्शक पिशवीत वेगळी भरली होती. सुरक्षारक्षक बाईंनी ती उघडायला लावली, वास घेतला आणि विचारले, “सांगलीची का?” पुढे काही विचारले नाही. गुंदवलीला दुसऱ्यांदा तपासणी झाली, तिथे कोणी लक्षही दिले नाही. दहाला दहा मिनिटे कमी असताना आम्ही फाटकाशी होतो. नावनोंदणी सांगलीतूनच केलेली असल्याने मोबाइलवरचा चौकोनी क्यूआर संकेत दाखवून आत गेलो.

अकराच्या आत तीन यंत्रांवर हळद चालवून पाहिली, कारण त्या वेळी दालनात गर्दी नव्हती आणि विक्रेत्यांना सवड होती. दुपारी दोननंतर हेच लोक ओळख दाखवत नव्हते. दोन यंत्रांनी सील सोडले. तिसऱ्याने वीस पाकिटे नीट भरली, एकविसाव्याला जबड्यावर पूड साचू लागली. त्या विक्रेत्याने प्रामाणिकपणे सांगितले की प्रदर्शनातल्या यंत्राला धूळ खेचून घेणारी जोडणी लावलेली नाही. वसईच्या कारखान्यात या, पन्नास किलो हळद आणा आणि दिवसभर चालवून पाहा. मला हे बोलणे पटले.

तेव्हा पुन्हा विचारतो. पुढच्या पंधरवड्यात सांगलीहून वसईला जायचे आहे, आणि या वेळी पन्नास किलोचे पोते सोबत आहे. मेट्रो बाद झाली. पुन्हा ठाण्याला उतरावे का?

छोटाहत्ती

पोते दोन दिवस आधी वाहतूक कंपनीकडे टाकावे, ते थेट कारखान्यात पोहोचेल. आपण मोकळ्या हातांनी जावे.

लोकलमित्र

आणि उतरावे दादरला. पूल ओलांडून विरार लोकल, सकाळी उलट दिशेने, बसायला जागा. या खेपेला द्रुतगतीसुद्धा काही बोलणार नाहीत.

द्रुतगती

नाही बोलत.